रखमीचा चौक

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रिकाताई,

तुमच्या पाड्यावरून पुण्याला परत येऊन आठ दिवस झाले, पण खरं सांगू, मी अजून उधव्यालाच आहे. सकाळी डोळे उघडले की शेणाने सारवलेल्या त्या खोलीचा वास येतो. मी लाओसला राहिले, भूतानला राहिले, पण काळ असा थांबलेला मला कुठेच दिसला नाही. तुम्ही अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताय, रखमीबाई चुलीपाशी, चिमणकाका अंगणात दोर वळतायत. तीन दिवस मला घड्याळाची आठवणसुद्धा झाली नाही. (मोबाईलची झाली, पण तो दोष माझा!)

म्हणूनच हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅप नको. तुम्ही मला हाताने लिहा, आणि पोस्टकार्डावरच लिहा. निघताना दिलेला गठ्ठा त्यासाठीच आहे. उघडं कार्ड! कसली लपवाछपवी नाही, कुणीही वाचावं. किती निर्मळ आहे हे! माझ्या पुस्तकात मी त्या कार्डांचे फोटो छापणार आहे.

एक रुखरुख मात्र राहिली. तुमच्या आईंनी मला चौक काढून दाखवला नाही. वारली लग्नातलं ते सगळ्यात पवित्र चित्र, आणि रखमीबाईंसारखा हात! मी तीनदा विनवलं. त्यांनी नाचणारी माणसं काढली, ताडाचं झाड काढलं, मुंग्यांची रांग काढली, पण चौक म्हटलं की नुसत्या हसायच्या. बाजाराने त्यांच्या हातातली श्रद्धा हिरावून घेतली असावी, असं मला फार वाटतंय. यावर मी लिहिणार आहे. तुमच्या भावाने, मिथुनने, खोलीतल्या भिंतीवर चित्र काढून दिलं म्हणून बरं. काय अस्सल रेषा आहे त्याची!

आणि हो, शेवटच्या संध्याकाळी चुलीपाशी मी रूपेशबद्दल जे बोलले, ते चुलीपाशीच राहू दे.

तुमचीच,
निलम

*

उधवा, १२ फेब्रुवारी

निलमताई,

नमस्कार. एका कार्डावर मावत नाही म्हणून चार कार्डं पाठवतेय. वर आकडे घातलेत, क्रमाने वाचा.

पत्र मिळालं. 'मिळालं' एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार होते, पण तुम्ही नको म्हणालात. आमच्या घरामागेच टॉवर आहे. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होतात, म्हणून दिसला नसेल.

ती सारवलेली खोली बकऱ्यांची. पुण्याची पाहुणी आहे, तिला मातीचंच घर लागेल, असं मिथुन म्हणाला. मग दोन दिवस आधी बकऱ्या बाहेर काढल्या आणि आईने सारवून घेतलं. आम्ही शेजारच्या टाइल्सवाल्या घरात राहतो. तुम्हाला दोनदा आत बोलावलं, पण तुम्ही म्हणालात, मला त्या घराकडे बघायचंही नाही. तुम्ही गेल्यावर बकऱ्या परत आत गेल्या. तो वास त्यांचाच असेल.

मिथुनची अस्सल रेषा पोस्टर कलरची आहे. कंपनीतून आल्यावर मोबाईलमध्ये बघून बघून काढली बिचाऱ्याने. डाव्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर आहे, फोटो मोठा करून बघा.

आता चौकाचं. अहो, आईची श्रद्धा कुणी हिरावलेली नाही. चौक फक्त लग्नघरात काढतात, आणि सवाशिणींनीच काढायचा असतो. सवाशीण म्हणजे जिचं रीतसर लग्न लागलंय ती. माझ्या आई-बाबांचं लागलेलंच नाही! बाबांनी तिला घरी आणलं, तेव्हा ठरलं होतं की पुढच्या वर्षी गावाला जेवण घालून लग्न करू. मग मी झाले, मग दोन वर्षं भात गेलं, मग मिथुन झाला, आणि राहूनच गेलं. बेचाळीस वर्षं झाली. आमच्याकडे असं पुष्कळांचं असतं, त्यात कुणी नाव ठेवत नाही. चौकाला तेवढा हात लावायचा नाही. पाड्यातली सगळ्यात चांगली रेघ माझ्या आईची, आणि लोकांच्या लग्नात ती मागे बसून तांदळाचं पीठ कालवून देते. पुढे बाकीच्या बायका वाकड्या रेघा ओढतात, आणि ती बघत बसते.

आता खुशखबर ऐका. मिथुनचं जमलं! मुलगी कैनाडची आहे, वर्षा, डहाणूला नर्स आहे. आमची रीत अशी की आई-बापाचं लागल्याशिवाय पोराचं लागत नाही. म्हणून एप्रिलच्या शेवटी एकच मांडव घालायचा. आधी आई-बाबांचं लग्न, दोन दिवसांनी मिथुनचं. मिथुनच्या लग्नात आई पहिल्यांदा चौक काढणार. बासष्ट वर्षांची बाई, आणि आत्तापासून बांबूच्या काड्या तासून ठेवतेय. बाबा म्हणाले, कुडाला भोकं पडली एवढ्या काड्या काढल्यास. तर म्हणाली, तुमच्यामुळेच उशीर झालाय, बोलू नका.

माझं स्वतःचं लग्न प्रविणशी सामुदायिक विवाहात लागलं, चाळीस जोडपी एकदम, आई-बापाचं लागलंय का ते तिथे कुणी विचारलं नाही. तिथे चौक नव्हता, बॅनर होता.

रूपेशभाऊंना नमस्कार सांगा. तुमचं बोलणं चुलीपाशीच आहे. पण त्यात लपवायचं काय, ते आईला कळलं नाही. दोघं एकत्र राहता, एवढंच ना?

चंद्रिका प्रविण वरठा

*

पुणे, २४ फेब्रुवारी

प्रिय चंद्रिकाताई,

तुमच्या चार कार्डांनी मला झोप लागू दिली नाही! (बकऱ्यांचा भाग मी पुस्तकातून वगळला आहे. वाचकाला उगाच गोंधळात कशाला टाकायचं?)

बेचाळीस वर्षं! लग्नाशिवाय! आणि हे तुम्ही किती सहज लिहिता! मी सगळी कामं बाजूला ठेवली आणि त्याच संध्याकाळी लेख लिहून दिला. कालच्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर आला आहे, सोबत आई-बाबांचा चुलीपाशी बसलेला फोटो. कात्रण जोडते आहे. हा भाग मला स्वतःला फार आवडला:

'उधव्याजवळच्या एका पाड्यावर चिमण आणि रखमी या जोडप्याने बेचाळीस वर्षांपूर्वी लग्नसंस्थेला शांतपणे नकार दिला. ना मंगलाष्टकं, ना कागद. आपण शहरात ज्याला आधुनिक म्हणतो, ते इथे चुलीपाशी बसून केव्हाचं नाचणीच्या भाकऱ्या थापतं आहे.'

संपादकांचा फोन आला. दिवसभर लोकांचे मेसेज येतायत. रखमीबाईंना 'जंगलातली बंडखोर' म्हणतायत!

आता एक मनापासूनची विनंती. आई-बाबांचं लग्न खरंच करायलाच हवं का? या वयात, रीत आहे म्हणून? इतकी वर्षं त्यांनी जे जपलं, ते एका मांडवासाठी सोडायचं? माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांच्यावरच आहे, आणि खरं सांगते, लग्न झालं तर ते प्रकरण उभंच राहत नाही. एकदा विचार करा.

रूपेशचा विषय आपण भेटल्यावर बोलू.

तुमचीच,
निलम

*

उधवा, ८ मार्च

निलम,

आज ताई लिहीत नाही, कारण आज मी रागावले आहे. कार्डं तीन आहेत. मागची कार्डं टाकली तेव्हा पोस्टातले बाबू पहिलं वाचून म्हणाले, दुसरंही लगेच द्या, थांबवत नाही. तुला उघडं पाहिजे होतं ना? आख्खं उधवा वाचतंय.

तुझा लेख कैनाडला पोहोचला. वर्षाचे वडील नविन गुरुजी, रिटायर मास्तर. रोज पडवीत बसून पेपर मोठ्याने वाचतात, आणि चार माणसं ऐकायला असतात. त्या रविवारी आठ होती. फोटो बघून म्हणाले, अरे, हे तर आपले व्याही. आणि मग पुढचं वाचलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिलेली सुपारी परत आली, लग्न मोडलं. निरोप असा, की ज्या घराने लग्नालाच नकार दिला, त्या घरात माझी मुलगी कशी नांदणार? उद्या तुमचा मुलगाही पेपरात बंडखोर व्हायचा.

मिथुन चार दिवस जेवला नाही. वर्षा डहाणूहून त्याला रोज फोन करते, आणि दोघंही बॅटरी संपेपर्यंत फोन धरून बसतात.

आईला लिहितावाचता येत नाही. मी तिला तुझा लेख वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग मला विचारते, 'मी कधी नकार दिला गं?'

सांग काय उत्तर देऊ तिला? बेचाळीस वर्षं ती वाट बघतेय. प्रत्येक लग्नात मागे बसून वाट बघतेय. दर वर्षी भात झोडून झालं की बाबांना विचारते, यंदा जमेल का? आणि तू तीन दिवस आमच्याकडे राहून, आमची कोंबडी खाऊन, लिहितेस की तिला लग्न नकोच होतं! वर मला सांगतेस, तुझ्या प्रकरणासाठी ते होऊ देऊ नका. तुला लाज कशी वाटली नाही?

काड्या तिने आढ्याला खोचून ठेवल्यात. तासलेल्या सगळ्या. त्यांच्याकडे बघत नाही.

चंद्रिका

*

पुणे, १७ मार्च

चंद्रिकाताई,

माफ करा. तिन्ही कार्डं समोर ठेवून बसले आहे. माझ्या पहिल्या पत्राची मला आता शिसारी येते आहे.

पुढच्या रविवारी मी खुलासा लिहू का? नविन गुरुजींना मी स्वतः भेटू का? फोटोग्राफर न आणता, शपथ! रखमीबाईंच्या पाया पडायला येऊ का? काय करू ते सांगा.

एक गोष्ट सांगते, पूर्ण खरी. तुमच्या आईंवर मी जे लिहिलं, ते मला माझ्याबद्दल लिहायचं होतं. माझं धाडस झालं नाही. रूपेश आणि मी सहा वर्षं एकत्र राहतो, हे तुम्हाला चुलीपाशी सांगितलं, पण पुढचं सांगितलं नाही. माझी आई सांगलीला असते. तिला वाटतं मी रूपाली नावाच्या मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहते. फोनमध्येसुद्धा त्याचं नाव रूपाली आहे. आई पुण्याला येणार असली की रूपेश दोन बॅगा घेऊन मित्राकडे जातो. त्याचं दाढीचं सामान माळ्यावर, बूट गाडीच्या डिकीत. एकदा त्याचा शर्ट दोरीवर राहिला, तर मी आईला सांगितलं, रूपालीला ढगळ कपडे आवडतात.

मी जगभर हिंडून लोकांच्या मोकळेपणावर लिहिते, आणि घरी माळ्यावर रेझर लपवते. तुमच्या आई 'लागलं नाही अजून' असं अख्ख्या गावासमोर म्हणू शकतात. मला त्यांचा हेवा वाटला, आणि हेव्यापोटी मी त्यांचं वाटोळं केलं.

काहीतरी मार्ग असेल ना?

निलम

*

उधवा, ३ एप्रिल

निलमताई,

पुन्हा ताई लिहिलंय, बघितलंत? राग गेला असं नाही, पण आईचा गेला, मग मी एकटीने किती धरून बसू?

तुम्ही काही लिहू नका, कुठे येऊ नका. आईने केलं सगळं. गेल्या आठवड्यात एका सकाळी लुगडं नेसली आणि म्हणाली, 'चंद्रिका, तुळशीआजीला उठव, कैनाडला जायचंय.' तुळशीआजी आमची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी. वय तिलाच माहीत नाही. आमच्या भागातली निम्मी लग्नं तिने लावलीत. माझं ती धरतच नाही, बॅनरवालं म्हणते. तिला जीपमध्ये पुढे बसवलं, आम्ही मागे.

गुरुजी पडवीत पेपर वाचत होते. आम्हाला बघून पेपर वर धरला. आई खालीच बसली आणि म्हणाली, 'गुरुजी, पेपरातल्या बाईने लिहिलं ते खोटं आहे. मला लग्न पाहिजे होतं. अजून पाहिजे. तुमची पोर द्यायची नसेल तर देऊ नका, पण लग्न नको होतं असं माझ्या नावावर लावू नका.'

गुरुजी म्हणाले, 'रखमीबाई, आता काळ बदललाय. शिकलेल्या समाजात आमची काही प्रतिष्ठा आहे. बिनालग्नाचं घर म्हटल्यावर लोक काय म्हणतील?'

तुळशीआजी पुढे सरकली. पेपर तिने हाताने खाली केला. 'नविन,' म्हणाली, 'तुझ्या आई-बापाचं लग्न मी लावलं. तू सातवीत होतास. नवी चड्डी घालून मांडवात सगळ्यांच्या पुढे नाचत होतास. नवऱ्याचा पोरगा कोण म्हणून पाहुणे विचारत होते, तर तू हात वर केलास. विसरलास काय रे?'

पडवीत आठ माणसं होती. सगळी छताकडे बघायला लागली. आतून वर्षा बाहेर आली आणि म्हणाली, 'बाबा, तुम्ही तर मला सांगितलं, आजी-आजोबांचं लग्न शाळेच्या हॉलमध्ये झालं, कलेक्टर आले होते!'

गुरुजींनी पेपराची घडी घातली. मग घसा साफ केला, आणि म्हणाले, चहा टाका. सुपारी त्यांनी त्याच दिवशी परत घेतली.

काड्या आढ्यावरून खाली आल्यात. सव्वीस एप्रिलला आई-बाबांचं, अठ्ठावीसला मिथुनचं. आता खालचं आमंत्रण आईचं आहे, ती बोलतेय तसंच लिहितेय:

'निलम पोरी, तू चुकलीस, पण लेकराचं चुकतंच. तू आणि तुझा रूपेश दोघं जोडीने या. सहा वर्षं एकत्र राहता आणि लग्न लागलं नाही, म्हणून लाजू नका. इथे कुणी विचारणार नाही. जेवा, नाचा. फक्त चौकाला हात लावू नका.'

वाट बघतो.

चंद्रिका

*

पुणे, १४ एप्रिल

चंद्रिकाताई,

मला येता येणार नाही. का, ते सांगते, आणि तुम्ही हसणार आहात, तेही मला माहीत आहे.

आई गेल्या मंगळवारी अचानक आली. गुडघा दाखवायचा होता. फोन केला तोच स्वारगेटवरून. रूपेश वीस मिनिटांत दोन बॅगा घेऊन बाहेर. मी रेझर माळ्यावर टाकला. सगळं नेहमीसारखं.

बुधवारी सकाळी वॉचमन तुमची कार्डं घेऊन वर आला. दार आईने उघडलं. तो म्हणाला, 'मॅडम, लग्नाचं बोलावणं आलंय, उधव्याहून. निलम मॅडम आणि रूपेश सरांना जोडीने बोलावलंय. ते गुरुजी काय सापडले हो!' त्याने सगळी कार्डं लिफ्टमध्येच वाचून काढली होती.

आईने कार्ड घेतलं. चष्मा लावून वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने मला एकच विचारलं, 'रूपेश म्हणजे रूपाली का?'

मी हो म्हणाले.

मग तीन दिवस ती नुसत्या पोळ्या लाटत होती. फ्रिजमध्ये पोळ्या ठेवायला जागा उरली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, 'लोकांना काय सांगायचं ते मी बघते. मला सांगलीला सोड.' उद्या तिला घेऊन जाते आहे. काय बघणार आहे, ते सांगत नाही.

उघड्या कार्डाचं मी किती कौतुक केलं होतं! ताई, यापुढे पाकिटातून लिहा. हात जोडते.

रखमीबाईंच्या चौकाचं सगळं मला कळवा. लग्नात रूपेश यायला तयार होता. 'माझ्याच नावाने मला कुणीतरी पहिल्यांदा बोलावलंय,' असं म्हणत होता.

निलम

*

उधवा, ६ मे

निलमताई,

हसले. खोटं कशाला बोलू? प्रविणलाही वाचून दाखवलं, तोही हसला. मग आई म्हणाली, 'हसू नका रे, पोरीची आई तीन दिवस पोळ्या लाटत होती म्हणजे तिला लागलंय.' तेव्हा प्रविण उठला आणि पाकिटं घेऊन आला. हे पत्र पाकिटात घालते.

दोन्ही लग्नं लागली!

सव्वीसला आई नवरी. हळद लावून बसवली, डोक्यावर बाशिंग, आणि समोरच्या भिंतीवर बायका तिच्या लग्नाचा चौक काढतायत. तिला राहवतंय होय? 'अगं, ती रेघ वाकडी गेली. अगं, पालघट देवीचे हात केवढे केलेस!' तुळशीआजी ओरडली, 'नवरीने गप्प बसायचं असतं.' आई म्हणाली, 'बेचाळीस वर्षं गप्पच बसलेय.' बाबांना मिथुनने गॉगल दिला होता, तो त्यांनी लग्न लागेपर्यंत काढला नाही. तुळशीआजीने विचारलं, आत रडतोस की काय? तर म्हणाले, ऊन आहे. मांडवात कसलं ऊन?

अठ्ठावीसला सकाळी मिथुनच्या लग्नाचा चौक. सगळ्या सवाशिणी बाजूला झाल्या आणि आईला पुढे केलं. तुळशीआजीने गाणं धरलं. आईने काडी पिठात बुडवली, भिंतीशी नेली, आणि हात तिथेच थांबला. हजारो नाचणारी माणसं काढलेला हात हो! मी कधी तो असा थांबलेला बघितला नव्हता. काडी परत खाली घेतली, पदराने हात पुसला, आणि मग जी पहिली रेघ ओढली ती एका दमात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मी रडले. वर्षाकडच्या बायका रडल्या. नविन गुरुजी दारात उभे होते, त्यांनी खिशातून मोबाईल काढला. आईने मागे न बघता सांगितलं, 'गुरुजी, आत ठेवा. आधी बघा.' त्यांनी ठेवला.

दुपारपर्यंत काढत होती. पालघटीच्या भोवती ताड, मोर, पाणी भरणाऱ्या बायका, आणि कोपऱ्यात एक बाई पीठ कालवत बसलेली. ती कोण, हे कुणी विचारलं नाही.

मग डीजे लागला आणि तुळशीआजीसकट सगळे नाचलो. तुमच्या पुस्तकात डीजे घाला, वगळू नका. फोटो मात्र चौकाचा नाही. हेलिकॉप्टरवाला छापा.

रूपेशभाऊंना सांगा, त्यांच्या नावाने आईने एक पान वाढून ठेवलं होतं.

चंद्रिका

*

सांगली, २० मे

चि. सौ. चंद्रिका हिस अनेक आशीर्वाद.

मी निलमची आई, पुष्पा. तुमचं शेवटचं पत्र तिने मला वाचायला दिलं. त्याआधीचं कार्ड मी वाचलंच होतं, ते तुम्हाला कळलंच आहे. पत्र बंद पाकिटातून पाठवते आहे, कारण निलमच्या सोसायटीचा अनुभव वाईट आहे.

झालं ते झालं. रूपेश मुलगा बरा आहे. मागच्या आठवड्यात येऊन गेला, माझ्या गुडघ्यासाठी तेल घेऊन आला होता. पण आमच्याकडे तुमच्यासारखं चालत नाही. आम्ही सुशिक्षित लोक, आम्हाला चारचौघांत राहायचं आहे. म्हणून मी नातेवाईकांत आणि त्यांच्या सोसायटीतही सांगून टाकलं आहे की दोघांचं मागच्या वर्षी गोव्याला लग्न झालं, अगदी घरगुती, म्हणून कुणाला बोलावलं नाही. सगळ्यांनी मानलं. फक्त माझ्या नणंदा फोटो मागतात.

त्यावरून मला एक सुचलं. तुमच्या आईंचा हात इतका चांगला आहे, तर त्यांनी पुण्याला येऊन निलमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर चौक काढून द्यावा. लग्नाचंच चित्र आहे म्हटल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला शंका उरणार नाही. जरा जुनाट दिसेल असा काढला तर फारच उत्तम. जाण्या-येण्याची गाडी मी पाठवीन, त्यांची राहायची सोय मी स्वतः बघेन. निलम नको म्हणते आहे, पण तिचं तुम्ही मनावर घेऊ नका.

आईंना माझा नमस्कार सांगावा.

पुष्पा

*

उधवा, ३१ मे

पुष्पाताई,

नमस्कार. घरातली पाकिटं संपली. निलमताईंनी दिलेल्या गठ्ठ्यातलं हे शेवटचं कार्ड, म्हणून निलमताईंच्याच पत्त्यावर टाकतेय. तुम्ही तिथेच गुडघा दाखवायला आलात असा त्यांचा मेसेज आलाय.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मी बेचाळीस वर्षं खरं सांगितलं आणि मागे बसले. ही ताई खोटं सांगते आणि मला पुढे बसवते म्हणते.'

पुढचं तिचंच आहे: 'न लागलेल्या लग्नाचा चौक मी काढत नाही. खरं लागेल तेव्हा कळवा. गाडी नको, एसटीने येईन, पीठ इथूनच दळून आणीन. घाई काही नाही, पोरं सुखात नांदतायत. तोवर माळ्यावरचं दाढीचं सामान तेवढं खाली काढा, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारा.'

गुडघ्याला जपा. वॉचमनदादांना नमस्कार.

चंद्रिका